रुपयातले आठ आणे: औंध संस्थानातील ग्रामराज्य, १९३८ ते १९४८

संस्थान म्हटले की हत्ती, अंबारी, दसऱ्याचा दरबार आणि तोफांची सलामी आठवते. औंधला तोफांची सलामीही नव्हती. ५०१ चौरस मैलांचा मुलूख, ७२ गावे आणि १९४१च्या खानेसुमारीप्रमाणे ८८,७६२ माणसे, एवढाच पसारा. आणि तोही एका जागी नाही. औंध गाव यमाईच्या डोंगराशी, खटावच्या बाजूला. आटपाडी माणदेशात, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाण्याचा घोटही न घेता निघून जातो. कुंडल कृष्णेच्या अंगाला, त्यातल्या त्यात बऱ्या जमिनीचे. आणि गुणदाळ थेट विजापूरकडे, जिथे चावडीवरचे बोलणे कानडी. या चार तुकड्यांच्या मध्ये इंग्रजी अमलातली आणि दुसऱ्या जहागिरदारांची गावे पसरलेली. हुजुरातून, म्हणजे राजाच्या मुख्य कचेरीतून, निघालेल्या कारकुनाला गुणदाळला पोचेपर्यंत वाटेत राज्ये बदलावी लागत.

या एवढ्याशा संस्थानात २१ जानेवारी १९३९ रोजी एक राज्यघटना लागू झाली. तिला नावच ‘स्वराज्य घटना’ असे होते. राजाने राज्याचा अधिकार रयतेच्या स्वाधीन केला, हा तिचा गाजलेला भाग. कमी गाजलेला भाग असा की जमा होणाऱ्या महसुलातला निम्मा हिस्सा हुजूर खजिन्यात न जाता खाली, गाव-तालुक्याकडे राहावा अशी त्यात तजवीज होती. राजाच्या त्यागावर कौतुकाचे पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात ते प्रकरण पैशाच्या बाजूने पाहायचे आहे, कारण संस्थानी कारभारात रयतेला अधिकार देण्याचे समारंभ आणखीही झाले. खजिन्याचे तोंड खालच्या बाजूला फिरवण्याचे धाडस मात्र सहसा कोणी केले नाही.

रुपयाचा प्रवास

त्या काळच्या दक्षिणेतल्या कुठल्याही लहान संस्थानात शेतसाऱ्याचा रुपया ज्या वाटेने जाई ती वाट जवळपास सारखीच होती. हप्त्याची तारीख आली की पाटील चावडीवर वसूल करी. कुलकर्णी तो दप्तरात चढवी. भरणा तालुक्याच्या कचेरीत पोचवण्याचे काम वतनी महाराकडे. पैसा त्याच्या खांद्यावरून जाई, पण चावडीच्या पायरीवर त्याला जागा नसे. तालुक्याहून रक्कम हुजुरात जाई आणि तिथे गेल्यावर तिचे काय होते हे गावाला कळण्याची सोय नव्हती. काही संस्थानांत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब नावाला वेगळे ठेवलेले असत. प्रत्यक्षात राजवाड्यातले लग्न आणि तालुक्यातला रस्ता एकाच पेटीतून निघे.

खाली परत काय येई? शाळामास्तरचा पगार, एखाद्या विहिरीचे बांधकाम, दुष्काळ पडला तर तगाई, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज. किती परत यायचे हे वर ठरे. गावाने करायचे ते फक्त अर्ज.

शेजारच्या इंग्रजी साताऱ्यात स्थिती फार वेगळी होती असे समजू नये. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२चा. त्यातून जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, पण त्यांना मुख्य आधार कशाचा? लोकल फंडाचा. हा फंड म्हणजे साऱ्याच्या रुपयामागे वर आणखी घेतलेला आणा-दोन आणे. मूळ रुपया सरकारचा तो सरकारचाच. स्थानिक स्वराज्य चालायचे ते वरच्या चिल्लरीवर. मुंबई प्रांताने १९२० आणि १९३३ साली ग्रामपंचायतींचे कायदे केले, तरी गावाच्या तिजोरीत त्याने फारशी भर पडली नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की औंधचे ‘निम्मे’ किती मोठे होते ते कळते. इकडे रुपयावर आणा, तिकडे रुपयातले आठ आणे.

ज्याच्या हातात होते, त्याच्या हातात कितपत होते

औंधचा राजा म्हणजे पंतप्रतिनिधी. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजारामांच्या काळातले; परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा तो प्रतिनिधी. पुढे छत्रपतींची सत्ता मावळली आणि प्रतिनिधी उरले, पण कोणाचे, याचे उत्तर इंग्रजांनी दिले. १८२० साली सातारच्या जहागिरदारांशी वेगवेगळे करार झाले, १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि औंध थेट इंग्रजांचे मांडलिक बनले. सातारचा कलेक्टर हाच औंधचा पोलिटिकल एजंट. म्हणजे जो अधिकारी साताऱ्यात सारा वसूल करवी, तोच औंधच्या राजाला शहाणपण शिकवी. १९३३ पासून ही व्यवस्था बदलून दक्षिणेतली संस्थाने कोल्हापूरच्या रेसिडेंटाकडे, म्हणजे संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याकडे, गेली.

शहाणपण न शिकल्यास काय होते, याचा धडा या घराण्याने जवळून पाहिला होता. गादीवर असलेल्या तरुण गोपाळकृष्णरावांना कारभाऱ्याच्या खुनाच्या कटात हात असल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी दूर केले आणि १९०९ साली त्यांचे काका भवानराव, म्हणजे बाळासाहेब, यांना गादीवर बसवले. स्वराज्य घटनेवर सही करणारा राजा तो हाच. त्याची स्वतःची गादी एका इंग्रज हुकमाने आली होती आणि दुसऱ्या हुकमाने जाऊ शकत होती. पुढचे सगळे वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

बाळासाहेब हा माणूसही साध्या चौकटीत बसणारा नव्हता. १८६८चा जन्म, पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार. औंधच्या डोंगरावर उभे असलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय त्यांच्या आवडीतून उभे राहिले. सूर्यनमस्कारांचे त्यांना वेड होते. ते स्वतः घालत आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून घालून घेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन त्यांनी दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली. पंडित सातवळेकरांचे वेदाध्ययनाचे कार्य वर्षानुवर्षे औंधात चालले. थोडक्यात, चांगली गोष्ट दिसली की ती आपल्या मुलखात आणायची आणि हुकूम काढून रुजवायची, ही त्यांची रीत. सूर्यनमस्कार हुकमाने आले. स्वराज्यही हुकमानेच आले. पुढच्या अडचणींचे मूळ बरेचसे इथे सापडते.

एक पोलिश इंजिनियर आणि सत्तरीतला राजा

१९३७ साली राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत इंग्लंडहून ऑक्सफर्डची पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन परतले. वय पंचविशीचे. त्यांची ओळख मॉरिस फ्रिडमन या गृहस्थाशी झाली. फ्रिडमन मूळचे वॉर्साचे ज्यू, पेशाने विद्युत अभियंता, म्हैसूर संस्थानच्या बंगळूरमधल्या सरकारी विजेच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. पुढे संन्यास घेऊन त्यांनी भारतानंद हे नाव धारण केले. यंत्रातला हा जाणकार गांधीजींच्या चरख्यात सुधारणा करण्यात रमला. धनुष तकली हे सूत कातण्याचे साधन त्यांचेच. (मराठी वाचकांना ते दुसऱ्या एका कामामुळे आठवावेत: मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी पुढे इंग्रजीत आणली आणि ती जगभर गेली.)

१९३८ हे साल संस्थानांसाठी तापलेले होते. फेब्रुवारीत हरिपुऱ्याला काँग्रेस भरली आणि संस्थानी प्रजेच्या प्रश्नावर तिथे जोरात चर्चा झाली. म्हैसुरात गोळीबार झाला, राजकोटात सत्याग्रह पेटला. दक्षिणी संस्थानांतल्या प्रजापरिषदा, म्हणजे रयतेच्या संघटना, लोकांना जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होत्या. त्याच फेब्रुवारीत ब्रिटिश पार्लमेंटात लॉर्ड विंटरटन यांनी असे सांगून टाकले होते की संस्थानिकाने आपणहून सुधारणा दिल्या तर सार्वभौम सत्ता, म्हणजे इंग्रज सरकार, आड येणार नाही. त्या विधानाने रेसिडेंटांची पंचाईत केली, आणि औंधसारख्या लहान संस्थानाला एक फट मिळाली.

फ्रिडमन आणि अप्पासाहेब यांनी राजाला पटवले की सत्तरीच्या वाढदिवसाला आणखी एखादी शाळा किंवा देऊळ देण्यापेक्षा राज्यच देऊन टाकावे. नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा झाली. मग मसुदा घेऊन मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली आणि घटनेला तिचे खरे रूप तिथे आले.

राजाने हे का केले? निव्वळ उदारपणा होता असे म्हणणे भाबडेपणाचे आणि निव्वळ हिशेब होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३५च्या कायद्यातल्या संघराज्यात ७२ गावांच्या संस्थानाला भवितव्य नव्हते, हे डोळे उघडे असलेल्या कोणालाही दिसत होते. जे आज ना उद्या जाणार, ते आपल्या हाताने आणि आपल्या लोकांना देणे यात शहाणपण होतेच. पण असे शहाणपण असलेले दुसरे संस्थानिक सल्लागार मंडळे नेमून थांबले. खजिना कोणी वाटला नाही.

घटनेतले राज्य

घटनेची बांधणी पायापासून वर गेलेली होती. गावाने पाच पंच निवडायचे. तालुक्यातल्या पंचायतींचे अध्यक्ष एकत्र येऊन तालुका समिती होई. तालुका समित्यांतून संस्थानच्या विधिमंडळावर माणसे जात. मंत्री विधिमंडळाला जबाबदार. राजाला घटनेने प्रजेचा पहिला सेवक आणि तिच्या सदसद्विवेकाचा राखणदार म्हटले होते. प्रास्ताविकात असाही आशय आहे की या नव्या काळात बलवान दुर्बळाची, धनवान गरिबाची आणि शिकलेला न शिकलेल्याची सेवा करील. आज वाचताना हे शब्द जरा गोड वाटतात. त्यांच्या खालीच पैशाचे आणि न्यायाचे कलम असल्याने ते पोकळ राहिले नाहीत.

मताधिकाराच्या बाबतीत गांधीजींनी एक अट धरून ठेवली: मत प्रौढाला, पण लिहिता-वाचता येणाऱ्याला. आज ही अट खटकते, आणि खटकायलाच हवी. ज्या गावात शाळेची पायरीच एका वस्तीला बंद होती तिथे अक्षराची अट कोणाला वगळणार हे उघड होते. गांधीजींचा युक्तिवाद वेगळा होता. अक्षरओळख काही महिन्यांत होऊ शकते, आणि मत हवे असेल तर गाव ती करून घेईल. शिकलेल्यांनी जाऊन शिकवावे. अट ही चाळणी व्हावी की चाबूक, हे शिकवणारे किती निघतात यावर होते. औंधात प्रौढांच्या रात्रीच्या वर्गांना तिच्यामुळे निकड आली, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याची दिशाही घटनेतच होती.

आता पैसा. निम्मा महसूल खाली राहणार म्हटल्यावर गावच्या बैठकीचा विषयच बदलतो. अर्ज लिहायचा असतो तेव्हा गाव एकत्र येते. मागायला सगळेच पुढे. वाटायचे असते तेव्हा तट पडतात. विहीर वरच्या आळीला की खालच्या? रस्ता आधी की शाळेचे छप्पर? चावडी दुरुस्त करायची तर पाटलाच्या वाड्यासमोरचीच का? पूर्वी या प्रश्नांचे उत्तर मामलेदार देई आणि त्याला शिव्या घालून सगळे मोकळे होत. आता उत्तर देणारा माणूस संध्याकाळी त्याच पारावर बसलेला. माझ्या मते औंध प्रयोगाची सगळी कमाई या एका अवघड जागेत आहे. स्थानिक कारभार म्हणजे काय, हे माणसाला कळते ते आपल्या भावकीतल्या माणसाला ‘यंदा तुझ्या बांधाकडचा रस्ता होणार नाही’ असे सांगावे लागते तेव्हा.

मात्र पंचायत रिकाम्या पाटीवर लिहिली जात नव्हती. पाटीलकी आणि कुळकरण वतनी होती. पिढ्यान्पिढ्या ज्याच्या घरात वसुलाचा मान, त्याच्याकडेच पंचायतीचे अध्यक्षपद जाणे ही सरळ वाट होती. पाच पंच निवडून आले तरी हिशेब लिहिता येणारा एकच, तोही कुलकर्णी. दप्तर ज्याच्या हाती, त्याच्या हाती अर्धी पंचायत. आणि माणदेशातल्या कोरड्या गावात निम्मा महसूल म्हणजे तरी किती? पीक बुडाले की सारा तहकूब, सारा तहकूब झाला की त्याचा निम्माही तहकूब. ज्या वर्षी गावाला पैशाची गरज सर्वांत जास्त, नेमके त्याच वर्षी हातात सर्वांत कमी. कुंडलची गावे आणि आटपाडीची गावे यांना एकच टक्केवारी लावली की ती समान दिसते. प्रत्यक्षात एकीकडे ओंजळभर आणि दुसरीकडे चिमूटभर पडते. वाटणीचे सूत्र ठरवताना पावसाचा हिशेब धरायला हवा होता.

न्याय गावात आला

पैशाइतकीच लक्ष देण्याजोगी गोष्ट न्यायाची. संस्थानात काय आणि इंग्रजी मुलखात काय, बांधाच्या तंट्यासाठी तालुक्याला खेटे घालणे ही कुणब्याची जुनी दुखणी. वकील, स्टँप, साक्षीदारांची गाडीभाडी आणि त्यांचे जेवण; जमीन चार गुंठे आणि खर्च आठ गुंठ्यांचा.

घटनेने किरकोळ दिवाणी आणि फौजदारी कामे पंचायतीकडे दिली आणि तालुक्याच्या न्यायाधीशाला उलट्या दिशेने चालायला लावले. पक्षकारांनी कचेरीत यायचे नाही. न्यायाधीशाने गावात जाऊन पंचांसोबत बसायचे. यामागचा विचार साधा आहे. बांध कुठून सरकला हे ज्या माणसांनी रोज जाता-येता पाहिले आहे, त्यांच्यासमोर खोटी साक्ष देणे कठीण. तालुक्याच्या पिंजऱ्यात तोच माणूस बेधडक बोलतो, कारण तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते.

याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्या गावाला सगळे ठाऊक असते, त्या गावाला कोणी कुठे बसायचे हेही ठाऊक असते. बलुतेदाराने पाटलाविरुद्ध फिर्याद केली तर पारावरचे पंच काय करतील? लांबची कचेरी महाग होती, पण ती लांब होती हाच काहींना तिचा आधार होता. ज्या वर्षांत बाबासाहेब आंबेडकर खेड्याच्या गुणगानाविरुद्ध आणि वतनी महारकीविरुद्ध बोलत होते, त्याच वर्षांत औंधात गावाच्या हाती न्याय दिला जात होता. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच हे प्रकरण वाचायला हवे. न्यायाधीश स्वतः गावात येऊन बसत असल्यामुळे पंचांवर कायद्याची एक नजर राहत होती, हा या रचनेतला सावधपणा. ती नजर पुरेशी होती का, हे प्रत्येक गावात वेगळे असणार.

शेजारचे पंच

१९४२ नंतर या मुलखात एक विलक्षण दृश्य निर्माण झाले. इंग्रजी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगतांनी गावोगावी न्यायमंडळे चालवली, सावकारांना आणि दरोडेखोरांना शिक्षा दिल्या. लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ म्हटले. आणि या चळवळीचे एक मोठे ठाणे कुंडल, म्हणजे औंध संस्थानातले गाव. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड कुंडलचेच.

हे ठाणे तिथे असण्यात भूगोलाचा वाटा मोठा. आरंभी सांगितलेला तो तुकड्या-तुकड्यांचा मुलूख इथे कामाला आला. इंग्रज पोलिसांना संस्थानच्या हद्दीत शिरायचे तर संस्थानच्या अधिकाऱ्यांमार्फत जावे लागे, आणि हद्द तर दर चार कोसांवर. कारभाराला जी अडचण, ती भूमिगतांना सोय. संस्थानच्या कारभाऱ्यांची सहानुभूती कोणाकडे होती, हे रेसिडेंटाला कळत नव्हते असे नाही.

स्थानिक कारभाराचा अभ्यास करणाऱ्याला यात खरे कुतूहल वाटावे ते वेगळ्या गोष्टीचे. एकाच मुलखात, एकाच भाषेत, एकाच जातीपातीच्या माणसांत दोन प्रकारची पंचायत चालू होती. एक राजाच्या सहीने आलेली, निम्म्या महसुलाची धनी, तालुक्याच्या न्यायाधीशाला शेजारी बसवून निवाडा देणारी. दुसरी कोणाच्याही सहीशिवाय उभी राहिलेली, खजिना नसलेली, पण जिच्या निवाड्याची अंमलबजावणी रातोरात होई. पहिलीकडे पैसा होता, दुसरीकडे दरारा. आणि लोकांच्या आठवणीत कोण राहिले, हे सांगायची गरज नाही. आज सातारा-सांगलीत कुठल्याही पारावर पत्री सरकारच्या गोष्टी निघतात. स्वराज्य घटनेच्या गोष्टी औंधबाहेर फारशा निघत नाहीत. जे भांडून मिळवले त्याची गोष्ट होते. जे वाढदिवसाला मिळाले त्याचा कागद होतो. कागद चांगला होता, तरी.

१९४४ पासून अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान होते. म्हणजे राजाचा मुलगाच लोकांना जबाबदार मंत्रिमंडळाच्या डोक्यावर. विरोधाभास उघड आहे. इतक्या लहान संस्थानात रेसिडेंटाशी इंग्रजीत दोन हात करू शकणारे किती जण होते, हा त्यावरचा व्यवहारी जबाब. आणि तो प्रयोगाच्या मर्यादेची कबुलीही आहे.

विलीनीकरण

१९४६ साली दक्षिणेतल्या संस्थानिकांनी पुण्यात गांधीजींची गाठ घेतली. लहान संस्थानांनी एकत्र येऊन दक्षिणी संस्थानांचा संघ करावा, ही कल्पना पुढे सरकत होती आणि औंध त्यात उत्साहाने होते. संघ झालाही, पण टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर प्रजापरिषदांचे म्हणणेच वेगळे पडले. कोल्हापूर-सांगलीच्या आसपासच्या लोकांना लहान लहान राजांचा संघ नको होता. मुंबई प्रांतात सामील व्हायचे होते.

मग ३० जानेवारी १९४८ आले. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांवर जाळपोळ झाली. माणदेशातली गावेही सुटली नाहीत. ज्या संस्थानची घटना खुद्द गांधीजींनी घडवली, जिथे राजा ब्राह्मण आणि रयत बहुतांशी मराठा व इतर शेतकरी जाती, तिथे नऊ वर्षे पंचायत चालल्यावरही हे घडले. पंचायतीने विहिरी खणल्या, तंटे मिटवले. वाड्याकडे पाहणारी जुनी नजर तिने बदलली नव्हती. पंचायतीला दोष देऊन हा विषय संपवता येत नाही. पण औंधला रामराज्य म्हणणारे लेख या पंधरवड्यापाशी गप्प होतात, म्हणून तो इथे नोंदला.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. औंधच्या बाजूची गावे उत्तरेकडे साताऱ्यात राहिली. आटपाडी-कुंडल दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात गेले. गुणदाळ विजापूर जिल्ह्यात जाऊन पुढे १९५६ नंतर म्हैसूर राज्याचा भाग झाले. चार तुकडे अखेर आपापल्या शेजाऱ्यांना मिळाले, जे भूगोलाच्या दृष्टीने फार आधी व्हायला हवे होते.

आणि रुपया? तो पुन्हा पूर्वीच्याच वाटेने निघाला. मुंबई प्रांताचा ग्रामपंचायत कायदा औंधच्या गावांना लागू झाला आणि निम्म्या महसुलाचा हक्क संपला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. प्रांतात हजारो गावे होती आणि त्यांतल्या ७२ गावांसाठी वेगळा कायदा ठेवणे कुठल्याही सचिवालयाला परवडणारे नव्हते. मोठी लोकशाही आली तेव्हा लहान लोकशाहीचा हिशेब बंद झाला. औंधच्या शेतकऱ्याला मुंबईच्या विधानसभेसाठी साक्षरतेच्या अटीशिवाय मत मिळाले, ही त्याची मोठी कमाई. त्याच्या गावच्या पंचायतीला मात्र विहिरीसाठी पुन्हा अर्ज लिहावा लागू लागला.

पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७चा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. गाव, तालुका, जिल्हा अशी तीन मजल्यांची जी रचना तेव्हा नवी म्हणून मांडली गेली, तिच्यातला खालून वर जाणारा जिना औंधने तेवीस वर्षे आधी बांधून वापरला होता. फक्त औंधच्या जिन्यावरून पैसाही वर जायच्या आधी खाली थांबत होता.

बाळासाहेब १९५१ साली वारले. अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले आणि पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत भारताचे प्रतिनिधी म्हणून राहिले; घराण्याच्या पदवीला हा आणखी एक अर्थ मिळाला.

औंधच्या त्या दहा वर्षांत उभे राहिलेले एक काम आजही चालू आहे. १९३९ साली फ्रिडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ माळावर कैद्यांची एक वसाहत वसवण्यात आली. भिंत नाही, कुलूप नाही. शिक्षा झालेली माणसे बायकामुलांसह राहून जमीन कसतात. नाव ठेवले स्वतंत्रपूर. पुढे तिच्यावरून एक गाजलेला हिंदी चित्रपटही निघाला. पंचायतींचा निम्मा महसूल गेला, गावात येऊन बसणारा न्यायाधीश गेला, तालुका समित्या गेल्या. स्वतंत्रपूरची खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने चालू ठेवली आहे, आणि तिथले कैदी अजून तीच जमीन कसतात.